आमच्या पातीत कोणी मरत नाही

कापूस फुटला की यवतमाळातल्या रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागतो. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या फुगीर गाड्या बाभळींना घासून जातात आणि प्रत्येक बाभूळ आपला वाटा काढून घेते. दिवाळीच्या आसपास ऑफिसला जाताना मी दरवर्षी स्कूटीचा वेग कमी करते आणि काट्यांत अडकलेले ते पांढरे पुंजके बघत जाते. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवतो. वाजवू दे. मी माझी अकरावी बघत असते, हे त्याला कुठून कळणार?

यंदा मात्र बाभळींकडे बघताना डोकं तापलेलं होतं. आदल्याच दिवशी पुण्याहून फोन आला होता. माझ्या कथांचं पहिलं पुस्तक तिथल्या एका प्रकाशनाकडे आहे, आणि फोन होता तिथल्या संपादकांचा. माणूस सज्जन आहे, बोलणं मऊ आहे. अशा माणसावर धड चिडताही येत नाही.

"सुजाताताई, कथा सुंदर आहेत. भाषा तर काव्यच. फक्त शीर्षककथेचा शेवट तेवढा बघा."

"काय झालं शेवटाला?"

"ती नदीत बुडालेली मुलगी शेवटी जिवंत निघते आणि आपली चप्पल मागते, ते पटत नाही हो. बुडाली की बुडाली. कापसाच्या शेतात बायका गप्प उभ्या आहेत, तिथं कथा थांबवा. वाचक हलला पाहिजे. आणि शेवटी ही यवतमाळची कथा आहे. यवतमाळकडून वाचकाची एक अपेक्षा असते."

"कसली अपेक्षा?"

सज्जन माणूस तो. त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. म्हणाला, "तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

कळत होतंच. तो पुढे म्हणाला की दिवाळीनंतर पुस्तक छपाईला पाठवायचं आहे, आणि शेवट असाच ठेवायचा असेल तर संग्रहाचाच पुन्हा विचार करावा लागेल. हेही तो इतक्या हळू म्हणाला की मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात घासली.

बाहेरगावी कुठे मी यवतमाळची म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. आवाज खाली येतो. मी सुतकात असल्यासारखी माणसं माझ्याशी बोलायला लागतात. एकदा एका साहित्यिक कार्यक्रमात एका बाईंनी माझा हात हातात घेऊन "कसं हो जगता तुम्ही तिकडे?" असं विचारलं होतं. माझ्या दुसऱ्या हातात तेव्हा तिसरा बटाटेवडा होता. आमच्याकडे माणसं मरतात हे मला कोणी सांगायला नको. मी इथेच वाढले, मरण मी घरात बघितलं आहे. पण आमच्याकडे माणसं जगतातही, आणि त्यांचा बराचसा वेळ त्यातच जातो. त्या जगण्याबद्दल लिहिलं की लोकांना वाटतं, ही बाई काहीतरी लपवते आहे.

तर अकरावीचा तो हंगाम.

आमचं गाव उमरखेडकडचं, ढाणकीच्या बाजाराचं. दिवाळीची सुट्टी लागली की मी शेवंताआत्याबरोबर वेचणीला जायचे. शेवंताआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण, आणि शेत गावातल्या रुख्माकाकूंचं. पहिला वेचा सुरू करायच्या आधी रुख्माकाकू पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी गोटे मांडून सीतादहीची पूजा करायच्या, हळदकुंकू वाहायच्या, दहीभाताचा नैवेद्य शेतात शिंपायच्या. आमच्या घरात यातलं काही नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले ते सोडलेच. पूजा चालू असताना आत्या लांब उभी राहून पऱ्हाटीची बोंडं न्याहाळायची. दहीभात वाटायला आला की मात्र सगळ्यांत पुढे हात तिचा.

"देव तुमचा व रुख्माबाई, दही म्हशीचं," असं म्हणून ती दोनदा घ्यायची. रुख्माकाकू हसत तिसऱ्यांदा वाढायच्या.

मग बायका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका रांगेत उभ्या राहायच्या. वेचलेला कापूस टाकायला कंबरेला ओटी बांधायची, आपापली तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, धरायची आणि सगळ्यांनी मिळून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत वेचत जायचं. अशी एक फेरी म्हणजे एक पात. सकाळी दवानं कापूस ओलसर असायचा, पऱ्हाटीचं पान हाताला चिकट लागायचं, बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी टोचायची. उन्हं वर आली की सगळं रान तडतडायला लागायचं. आणि मधल्या तासातून आत्याचा आवाज यायचा.

मधलं तास हे गोष्ट सांगणारीचं. दोन्ही टोकांच्या बायकांना सारखं ऐकू यावं म्हणून. आत्या वेचायला अगदी वाईट होती. तिचा हात मंद, कापसात पाला-काडी सगळं यायचं. दुसरी कोणी असती तर रुख्माकाकूंनी बोलून बोलून पळवून लावली असती. पण आत्या बोलायला लागली की बाकीच्यांचे हात आपोआप चालायचे, कारण जी मागे पडेल तिची गोष्ट बुडायची. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं. कधी कोणावर रुसली तर मुद्दाम आवाज बारीक करायची आणि त्या बाजूच्या बायकांना धावायला लावायची.

पात संपली की धुऱ्यावर प्रत्येक बाई आपल्या ओटीतून एक मूठ कापूस काढून आत्याच्या ओटीत टाकायची. बोलण्यात तिचं वेचायचं राहिलं, त्याची ती भरपाई. गोष्ट रंगली तर मूठ घट्ट, नाही रंगली तर फुसकी. आत्या मुठींकडे बारीक नजर ठेवून असायची. "काय व बेबे, आज तुह्या हातात वारा हाय का?" असं बेबीबाईला तोंडावर विचारायची. बेबीबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत मोठ्या गळ्याची बाई. ती उलट ऐकवायची, "गोष्टीत दम नव्हता व शेवंते, म्हून मुठीत बी नाही."

या गोष्टींना एक नियम होता. कोणी केला, कधी केला, माहीत नाही. पातीत कोणाला मारायचं असेल तर खुशाल मारावं, पण धुरा यायच्या आत त्याला पुन्हा जितं करायचं. मढं टाकून धुरा चढायचा नाही. मी एकदा कारण विचारलं तर आत्या म्हणाली, "संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन घरी जा लागते पोरी. त्याच्यावर अजून थे मढं कोन वाहीन?" एवढंच. आत्याच्या गोष्टीत राजे मेले, सासवा मेल्या, ग्रामसेवक तर दर आठवड्याला मरायचा. पण धुऱ्यावर सगळे उठून बसायचे, आणि कसे उठले यातच तिची खरी करामत असायची.

माझी लिहायची रीत त्या तासांमध्ये ठरली, हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगायला तयार आहे. अजून कोणी घेतलेली नाही. कंबरेत वाकून बोलणाऱ्या बाईला लांब वाक्य परवडत नाही. दोन बोंडं वेचायची, चार शब्द बोलायचे, पुढे सरकायचं. संपादकांना माझ्या लिहिण्यात जे काव्य दिसतं तो आत्याचा दम आहे. आणि आत्याने कधी जागेचं वर्णन केलं नाही. जमीन काळीभोर आहे, चिकणी आहे, असलं काही ती म्हणायची नाही. ती म्हणायची, "पोट्टी वावरात उतरली, अन् गाऱ्यानं तिची चप्पल ठेवून घेतली." झालं, आख्खं रान समोर. जागा माणसाचं काय ठेवून घेते आणि काय परत देते, ते सांगितलं की जागा येते. मी आजवर जे काही लिहिलं ते एवढ्याच भांडवलावर.

आता सुमी. टाळत होते, पण तिच्याशिवाय हा हंगाम सांगता येणार नाही.

सुमी आत्याची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची. आमच्या सगळ्या खोड्या तिच्या डोक्यातून निघायच्या आणि मार मला पडायचा. चप्पल हरवण्यात ती पटाईत होती. नाल्यात, बाजारात, बसमध्ये, कुठेही. एकदा तर एका लग्नातून दोन वेगवेगळ्या चपला घालून आली आणि वर म्हणाली, "एक तरी माही असन." अकरावीच्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ताप आला. उमरखेडला नेईपर्यंत ती गेली. मी हे वाक्य अनेकदा लिहून बघितलं आहे, यापेक्षा मोठं मला करता आलेलं नाही.

आत्या घरात बसून राहिली. कोणाशी बोलेना. कापूस फुटला, सीतादही झाली, आमच्या पाती सुरू झाल्या, पण मधलं तास रिकामंच. ते कोणी धरलं नाही. वेचायचं म्हणून आम्ही वेचत होतो. रान तडतडायचं तेवढाच आवाज.

मग एका सकाळी आत्या ओटी बांधून आली आणि न विचारता मधल्या तासात उभी राहिली. कोणी तिला गोष्ट सांग म्हणालं नाही. कोणाची हिंमत होती? पहिल्या पातीच्या मध्यावर तिनेच सुरू केलं.

"एक पोट्टी होती. पैनगंगेवर कपडे धुवाले गेलती."

तिच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव नेहमी पातीतल्या कोणाचं तरी असायचं, तशी गंमतच होती ती. त्या दिवशी तिने नाव घेतलं नाही. मुलगी नदीत उतरली, पाणी गुडघ्याला आलं, कंबरेला आलं, आणि पाण्याने तिला नेलं. आत्याचा हात बोंडावरच थांबला. आम्ही सगळ्या धुऱ्याच्या जवळ पोचलो होतो. चार पावलं टाकली की धुरा, आणि धुऱ्यावर नियम. आता आत्याने त्या मुलीला जितं करायचं, नाहीतर तिथंच सोडायचं. आत्याचं तोंड बघवत नव्हतं. दोन्हींतलं एकही तिला जमणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

रुख्माकाकू टोकाच्या तासात होत्या. शेत त्यांचं, कापूस त्यांचा, आणि आभाळ भरून येत असल्यामुळे वेचणीची घाईही त्यांचीच. त्या म्हणाल्या, "धुऱ्यावर नोका जाऊ व बायांनो. इथूनच वळा. पात काही सरली नाही."

आम्ही धुऱ्याला पाय न लावता वळलो. पुढची तासं धरली. मागे धुऱ्यालगतच्या पऱ्हाटीवर कापूस तसाच राहिला. आत्याची मुलगी पाण्यातच होती, आणि आत्या तिला पाण्यातून पुढे नेत होती. दुसऱ्या टोकालाही आम्ही धुऱ्याआधीच वळलो. तिथून पुन्हा वळलो. भाकरीसुद्धा तासातच उभ्यानं खाल्ली. मजुरी काट्यावर, जेवढं वजन तेवढे पैसे, तरी कोणीच घाई केली नाही. बेबीबाई, जिच्या हाताला कधी खळ नसायचा, ती एकेका बोंडासमोर उभी राहायला लागली. तो आख्खा दिवस आमच्याकडे एकच पात झाली. असा दिवस मी पुन्हा कुठे बघितला नाही, पुस्तकातही नाही.

उन्हं कलली तेव्हा वळायला तासच उरलं नाही. धुरा समोर आला. आत्या सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "थे पोट्टी तिकडल्या काठाले निंगाली. चिंब भिजलेली. केस पिळले तिनं. अन् तिथल्या मानसायवर खेकसली, माही चप्पल कुठी हाय?"

बेबीबाई फिसकन हसली. मग रुख्माकाकू. मग मी, तोंडात ओढणी कोंबून. आम्ही सगळ्या हसत होतो आणि सगळ्यांची नाकं वाहत होती.

"घरी आली का मंग थे?" कोणीतरी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "तिकडल्याच काठाले राह्यली. पन जिती हाय."

मग आम्ही धुरा चढलो. मुठी पडायला लागल्या. त्या संध्याकाळी आत्याची ओटी इतकी भरली की गाठ सुटली.

आता तुम्हीच सांगा, यातली चप्पल कशी काढू? संपादकांना वाटतं, बायका गप्प उभ्या आहेत तिथं कथा संपते. मग बायका धुऱ्याआधी वळल्या कशासाठी? त्या चपलेसाठी वळल्या. गप्प उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढून नेणारे आमच्याकडे पुष्कळ येऊन गेले. त्या पुढे काय बोलल्या, कशाला हसल्या, हे ऐकायला कोणाच्या गाडीला थांबायला वेळ नसतो. आणि कोणी सांगावं की हे दुःख पुरेसं दुःखी नाही? सुमी मेली हे आत्याला पुण्याहून कोणी कळवायची गरज नव्हती. तिला ते माहीत होतं, आणि ते माहीत असताना तिने मुलीला काठाला लावलं. मला तर यापेक्षा खरा शेवट ठाऊक नाही. माझा पुस्तकावर जीव आहे. मुखपृष्ठावर आपलं नाव कसं दिसेल हे मी कागदावर काढूनही बघितलं आहे, खोटं कशाला बोलू. तरीही.

दिवाळीत गावी गेले. यवतमाळहून उमरखेडची एसटी, तिथून ढाणकी, पुढे ऑटो. रस्ताभर दोन्हीकडे पांढरं झालेलं रान. आत्या आता वाकू शकत नाही. ती रुख्माकाकूंच्या शेतात, धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून कापसातला पाला-काडी निवडते. तरुणपणी जो कचरा केला तो आता निवडून राह्यली, असं बेबीबाई म्हणते. बेबीबाईचा गळा अजून तसाच आहे. मी वेचणीला गेले तेव्हा तिनेच मला मधल्या तासात ढकललं.

"तू पुस्तकं लेहेतं म्हने. सांग मंग."

मी सांगितलं. तिथल्या तिथे, वेचता वेचता, त्या संपादकांनाच गोष्टीत घातलं. पुण्याचा एक मोठा माणूस होता, म्हटलं. त्याला कोणीतरी सांगितलं की यवतमाळात मरण फार चांगलं मिळतं. तो आला. ढाणकीच्या बाजारात विचारलं, वांगी होती, मिरची होती, मरण नव्हतं. शेतात आला. बायांना विचारलं, त्या म्हणाल्या, पाय धुवा, दहीभात घ्या. फिरून फिरून त्याला कुठे काही सापडेना, तेव्हा दमून तो स्वतःच पऱ्हाटीत आडवा झाला आणि मेला.

बायका इतक्या हसल्या की पात वाकडी झाली. मला फार बरं वाटलं. आठवडाभराचा राग उतरला. धुरा जवळ येत होता.

"उठव व आता त्याले," बेबीबाई म्हणाली.

"नाही उठवत."

"म्हंजे?"

"राहू दे पडलेला. त्याला मरणच हवं होतं."

हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कापूस वेचत राहिले, मान वर न करता. तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला. म्हातारीचे कान शाबूत आहेत.

"उठव त्याले सुजाता. आपल्या पातीत कोनी मरत नाही. पुन्याचा असला म्हून काय झालं?"

मी उभी राहिले. समोर धुरा, त्यावर आत्या, मांडीवर कापूस. खरं सांगते, एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्यापुढे माझा हट्ट म्हणजे काहीच नाही.

"तो उठला," मी म्हटलं. "कपडे झटकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि म्हणाला, माझी चप्पल कुठे आहे?"

बेबीबाई खाली बसून हसली. नव्या पोरींना जुनी गोष्ट ठाऊक नव्हती, त्याही हसल्या. आत्या हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या कापसाकडे.

रेंज फक्त त्या बाभळीखालीच येते. मी तिथे उभी राहून पुण्याला निरोप लिहिला. शेवट तोच राहील. मुलगी जिवंत आहे आणि ती चप्पल मागते आहे. छापायचं की नाही, तुम्ही ठरवा. एकदा वाचला आणि पाठवून दिला.

मग मुठी पडायला लागल्या. बेबीबाईची घट्ट, पोरींच्या घट्ट. माझ्या ओटीत वजन येत होतं. सगळ्यांत शेवटी आत्यासमोर वाकले. तिने मांडीवरून मूठभर कापूस उचलला, माझ्या ओटीपर्यंत आणला आणि त्यातला अर्धा परत आपल्या मांडीवर ठेवला.

"अर्धीच?"

"चप्पल माह्या गोष्टीतली हाय," आत्या म्हणाली.

मी भांडले नाही. चप्पल तिचीच होती.